ब्रँडीच्या पिंपात मुरलेली अमेरिकन सिंगल माल्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाटलीवर ठळक अक्षरांत ‘अमेरिकन सिंगल माल्ट’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘ब्रँडी कास्क फिनिश’ असं छापलंय. व्हिस्कीत ब्रँडी मिसळली आहे का? मिसळली असेल तर ती सिंगल माल्ट कशी राहिली?

उत्तर : ब्रँडी वरून ओतलेली नसते. कास्क म्हणजे पिंप. व्हिस्की आधी तिच्या नेहमीच्या पिंपात काही वर्षं मुरते. मग ती काढून, ज्यात पूर्वी ब्रँडी मुरली होती अशा रिकाम्या पिंपात भरतात आणि आणखी काही महिने ठेवतात. या दुसऱ्या मुक्कामाला ‘फिनिश’ म्हणतात. घोट गिळल्यावर तोंडात जी चव रेंगाळते तिलाही ‘फिनिश’च म्हणतात, आणि वाचणाऱ्याचा घोटाळा तिथेच होतो. म्हणून इथे पिंपाच्या कामाला ‘दुसरी मुरवण’ म्हणू आणि रेंगाळणाऱ्या चवीला ‘शेवट’.

आता खरी गोष्ट अशी, की पिंप रिकामं असलं तरी कोरडं नसतं. वर्षानुवर्षं ब्रँडी लाकडात शिरलेली असते आणि व्हिस्की भरली की ती हळूहळू बाहेर येते. समजा, २०० लिटरच्या पिंपाच्या फळ्यांनी ५ लिटर ब्रँडी धरून ठेवली होती आणि ती सगळी उतरली, तर प्रमाण झालं अडीच टक्के. जिभेला हे थोडं वाटेल, नाकाला मात्र पुरेसं असतं.

कायद्याचं म्हणाल, तर अमेरिकेत या प्रकाराला स्वतंत्र व्याख्या अगदी अलीकडे मिळाली. मद्याचा कर आणि लेबलं पाहणारं तिथलं केंद्रीय खातं म्हणजे टीटीबी. त्याचा नियम डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९ जानेवारी २०२५पासून लागू झाला. त्यानुसार धान्य म्हणजे १०० टक्के माल्ट केलेली, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. मॅश (धान्य गरम पाण्यात भिजवणं), ऊर्ध्वपातन (भट्टीत गाळणं) आणि मुरवण हे सगळं अमेरिकेतच, ऊर्ध्वपातन एकाच डिस्टिलरीत आणि ८० टक्क्यांपेक्षा जास्त तीव्रतेवर (मद्यार्काच्या प्रमाणावर) नाही. पिंप ओकचं, जास्तीत जास्त ७०० लिटरचं. बाटलीतली तीव्रता किमान ४० टक्के. ‘सिंगल’चा अर्थ एवढाच, की ऊर्ध्वपातन एका डिस्टिलरीत झालंय. एकच पिंप असा तो अर्थ नाही.

या नियमातला आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग पिंपांचा आहे. पूर्वी ‘माल्ट व्हिस्की’ हे नाव लावायला ५१ टक्के माल्ट बार्ली पुरत असे, पण पिंप नवंकोरं आणि आतून जाळलेलंच लागे. वापरलेल्या पिंपात मुरवली, तर लेबलवर ‘माल्टच्या मॅशपासून गाळलेली व्हिस्की’ असं लांबलचक नाव छापावं लागायचं. नव्या व्याख्येत नवं जाळलेलं, नवं न जाळलेलं आणि वापरलेलं अशी तिन्ही पिंपं चालतात, आणि ब्रँडीचं पिंप यातल्या ‘वापरलेल्या’त बसतं. ही व्याख्या मिळावी म्हणून २०१६पासून तिथल्या उत्पादकांची ‘अमेरिकन सिंगल माल्ट व्हिस्की कमिशन’ ही संघटना धडपडत होती. जुन्या लेबलांना पाच वर्षांची सवलत असल्यामुळे काही काळ दोन्ही तऱ्हेच्या बाटल्या दिसत राहतील.


प्रश्न : ‘ब्रँडी कास्क’ लिहिलेल्या दोन वेगवेगळ्या बाटल्या चाखल्या. एकीत जर्दाळू आणि लवंग जाणवली, दुसरीत निव्वळ व्हॅनिला आणि खोबरं. दोन्ही ब्रँडीचीच पिंपं असतील तर एवढा फरक कशामुळे?

उत्तर : ‘ब्रँडी’ या शब्दावरून लाकूड कळत नाही, म्हणून. आणि दुसऱ्या मुरवणीत लाकडाचं महत्त्व फळाइतकंच असतं.

कॉन्यॅकची, म्हणजे फ्रान्सच्या कॉन्यॅक भागातल्या द्राक्षांच्या ब्रँडीची, पिंपं फ्रेंच ओकची. त्यातही लिमुझँ भागाचा ओक सैल रेषांचा असतो आणि भरपूर टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरट घटक, सोडतो. ट्राँसे जंगलाचा ओक बारीक रेषांचा, त्यामुळे सौम्य. फ्रेंच ओकमधून लवंगेचा वास येतो, कारण लवंगेत जे युजेनॉल असतं तेच या लाकडातही असतं. कॉन्यॅकची स्वतःची देणगी म्हणजे मनुका, जर्दाळू, वाळलेली फुलं. पिंप फार जुन्या कॉन्यॅकचं असेल तर त्याखाली अक्रोड, अळंबी, जुन्या चामड्यासारखा एक खोल वास येतो. फ्रेंच लोक त्याला ‘रान्सियो’ म्हणतात. ब्रँडीतल्या चरबीजन्य आम्लांचं वर्षानुवर्षं ऑक्सिडीकरण होऊन मिथाइल कीटोन तयार होतात, त्यांचा तो वास. अमेरिकन माल्टमध्ये तो सापडला तर थांबून, पुन्हा पुन्हा हुंगून पाहा. तो घाईत निसटतो. आर्मान्यॅक या फ्रान्सच्याच दुसऱ्या ब्रँडीचं पिंप याहून दणकट. आर्मान्यॅक कमी तीव्रतेला गाळतात, त्यामुळे तिच्यात जड घटक जास्त राहतात आणि ते लाकडातही उतरतात.

कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांच्या ब्रँडीचं प्रकरण निराळं. तिथल्या कित्येक मोठ्या ब्रँड्या बर्बनच्या (मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या) जुन्या पिंपांत मुरतात. म्हणजे अमेरिकन पांढरा ओक, आतून जाळलेला, आधी बर्बन आणि मग ब्रँडी पाहिलेला. त्यात माल्ट भरली की व्हॅनिला येणारच. ओकमधल्या लॅक्टोनमुळे खोबरंही येणार, कारण अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन फ्रेंच ओकपेक्षा जास्त असतं. तुमच्या दुसऱ्या बाटलीचं उत्तर बहुधा इथेच आहे. अर्थात कॅलिफोर्नियाची प्रत्येक ब्रँडी अशी नसते. युकाया गावात १९८२मध्ये सुरू झालेल्या जर्मेन-रोबँने कॉन्यॅकच्या पद्धतीची भट्टी आणि पिनो न्वारसारखी वाइनची उत्तम द्राक्षं वापरून ब्रँडी केली. अशा ब्रँडीच्या पिंपाकडून वेगळी अपेक्षा ठेवावी लागते.

तिसरा प्रकार सफरचंदाच्या ब्रँडीचा, आणि हा अमेरिकेचा अगदी घरचा. न्यू जर्सीतलं लेअर्ड हे घराणं अठराव्या शतकापासून ती बनवतंय. या पिंपांतून भाजलेलं सफरचंद, दालचिनी, थोडा आंबटसर ताजेपणा येतो. न्यू मेक्सिकोची सांता फे स्पिरिट्स ही डिस्टिलरी सफरचंदाची ब्रँडीही गाळते आणि मेस्कीट या काटेरी झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टपासून ‘कोलकेगन’ ही सिंगल माल्टही करते. त्यामुळे तिला आपल्याच ब्रँडीची पिंपं आपल्याच माल्टसाठी वापरता येतात, आणि तशी कोलकेगन तिने काढलीही आहे. धूर आणि सफरचंद ही जोडी का जमते, हे त्यात नीट कळतं.

लेबल वाचताना एक खूण कामी येते. अमेरिकन नियमात नुसतं ‘ब्रँडी’ म्हटलं की ती द्राक्षांची. दुसऱ्या फळाची असेल तर फळाचं नाव लावावं लागतं. पिंपाबद्दल लिहितानाही उत्पादक बहुधा हीच रीत पाळतात. शक्य असेल तर डिस्टिलरीला चार गोष्टी विचारा : फळ कोणतं, ओक कुठला, पिंप ब्रँडी काढल्यावर पहिल्यांदाच भरलं की आधीही वापरलं होतं, आणि माल्ट त्यात किती महिने होती. या चार उत्तरांवरून बाटलीचा बराच अंदाज येतो.

आणखी एक. शेरी किंवा पोर्टच्या पिंपाची सवय असलेल्यांची ब्रँडीच्या पिंपाकडून निराशा होते, ती चुकीच्या अपेक्षेमुळे. गोड शेरी आणि पोर्ट या वाइन आहेत. त्यांच्यात साखर असते, पोर्टमध्ये द्राक्षाच्या सालीचा रंगही असतो, आणि दोन्ही लाकडात भिनतात. ब्रँडी गाळलेली असते. फळाची साखर आणि सालीचा रंग भट्टीतच मागे राहतात. म्हणून ब्रँडीच्या पिंपातून सुगंध येतो, पाकासारखी गोडी किंवा लालसर रंग येत नाही. बाटलीतली व्हिस्की माणकासारखी लाल दिसत असेल तर तिच्यात वाइनच्या पिंपाचाही हात आहे असं समजा.


प्रश्न : अशी व्हिस्की पद्धतशीर कशी चाखावी? किती घ्यावी, पाणी किती आणि केव्हा घालावं, हे आकड्यांत सांगाल का?

उत्तर : सांगतो. पेला तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न हा व्हिस्कीचा पेला किंवा शेरी चाखायचा कोपिटा उत्तम. रुंद तोंडाच्या पेल्यात ब्रँडीचा नाजूक भाग पहिल्या मिनिटात उडून जातो. ब्रँडीचा फुगीर पेलाही इथे नको. त्यात पृष्ठभाग मोठा होतो आणि मद्याची वाफ नाकाला झोंबते. पेला कोमट पाण्याने नुसता विसळा, निथळू द्या आणि रिकामाच हुंगून बघा. साबणाचा किंवा कपाटाचा वास आला तर पुन्हा विसळा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पुठ्ठ्याच्या वासाचं खापर व्हिस्कीवर फोडतात.

२० मिली ओता, मोजून. खोलीचं तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास असलं की फळाचा वास मोकळा होतो. खोली बरीच उबदार असेल तर ओतण्याआधी बाटली थोडा वेळ गार जागी ठेवा, फ्रिजमध्ये मात्र नको. पेल्यावर छोटी बशी झाका आणि पाच मिनिटं हात लावू नका.

बशी काढल्याबरोबरचा पहिला वास सर्वांत मोलाचा. पेला हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि पेला हळूहळू वर आणा. ज्या उंचीवर मद्य झोंबायला लागतं त्याच्या थोडं खाली थांबा. छोटे छोटे दोन-तीन श्वास घ्या, मग पेला बाजूला करून मोकळा श्वास घ्या. खोल, लांब श्वास घेतलात तर नाक बधिर होतं आणि पुढची काही मिनिटं वाया जातात.

वास घेताना आम्ही एक क्रम पाळायला सांगतो : आधी धान्य शोधा, मग लाकूड, शेवटी फळ. धान्य म्हणजे पाव, बिस्किट, ओला भुसा, भाजलेले दाणे. लाकूड म्हणजे व्हॅनिला, लवंग, करवतीचा भुसा, खोबरं. फळ सगळ्यांत मोठ्याने बोलतं, ते सापडणारच. त्याच्यापासून सुरुवात केली की बाकीचं ऐकू येत नाही. आणि दुसऱ्या मुरवणीची खरी परीक्षा हीच आहे, की फळ आल्यावरही बार्ली जाणवते का. जाणवत नसेल, तर ती ब्रँडीच्या वासाची व्हिस्की झाली. मग ती कितीही सुवासिक असो.

पहिला घोट फक्त तोंड तयार करायला, पाव चमचाभर. त्यावरून मत बनवू नका. मद्याचा चटका पहिल्या घोटालाच जास्त लागतो. दुसरा घोट साधारण ३ मिलीचा, दहा सेकंद तोंडात फिरवा. जिभेखाली, हिरड्यांवर, गालांच्या आतून. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, जर्दाळू आणि मनुका तेव्हा स्पष्ट होतात. मग घड्याळ बघा. किती सेकंद काय टिकतं ते लिहा. नुसतं ‘शेवट लांब’ लिहून भागत नाही. २० सेकंदांनी फळ गेलं आणि कडवट लाकूड मिनिटभर राहिलं, तर तो लांब शेवट चांगला नव्हे.

आता पाणी. सूत्र सोपं आहे : व्हिस्कीची मात्रा गुणिले (मूळ टक्के वजा हवे ते टक्के), भागिले हवे ते टक्के. अमेरिकन बाटलीवर ‘प्रूफ’ असेल तर त्याचं निम्मं म्हणजे टक्के. १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. त्यातली २० मिली व्हिस्की ४५ टक्क्यांवर आणायला २.२ मिली पाणी लागतं, ४० टक्क्यांवर आणायला ५ मिली. सगळं एकदम ओतू नका. आधी १ मिली, दोन मिनिटं थांबा, हुंगा, मग पुढचं. ब्रँडीच्या पिंपातली माल्ट फार पातळ केली की फळ आधी विरतं आणि टॅनिन उघडं पडतं. म्हणून ४० टक्क्यांच्या खाली जाऊ नये असा आमचा आग्रह आहे. पाणी क्लोरीनचा वास नसलेलं आणि कमी क्षारांचं घ्या.

पाण्याने वास का खुलतो, याचं एक चांगलं उत्तर स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७मध्ये संगणकावरच्या प्रतिकृतीतून दिलं. धुराच्या वासाचा ग्वायाकॉल हा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो, ५९ टक्क्यांच्या वर मात्र मद्याच्या रेणूंनी वेढला जाऊन आत दबतो. धुरकट माल्टला पाणी का मानवतं ते यावरून कळतं.

अर्ध्या तासाने उरलेला थेंबभर पुन्हा हुंगा. आणि पेला लगेच धुऊ नका. रात्रभर तसाच ठेवून सकाळी कोरडा पेला हुंगला, की मद्य आणि फळ दोन्ही उडून गेलेले असतात आणि धान्य, लाकूड, धूर तेवढे मागे राहिलेले असतात. तळाशी जे पिवळसर वर्तुळ वाळतं, त्यात नाक घालून बघाच.

एका बैठकीत तीनपेक्षा जास्त चाखायच्या असतील तर थुंकायला भांडं ठेवा. चव जिभेवर आणि नाकातच कळते, पोटात नव्हे.


प्रश्न : लेबल वाचलं की मला ब्रँडी जाणवते, न वाचता दिलं तर खात्री वाटत नाही. मनाचे खेळ आहेत का हे?

उत्तर : काही अंशी असतातच, सगळ्यांच्या बाबतीत. खात्री करायची सोपी रीत म्हणजे तीन पेल्यांची चाचणी. त्याच डिस्टिलरीची साधी माल्ट आणि ब्रँडीच्या पिंपातली माल्ट अशा दोन बाटल्या हव्यात. दुसऱ्या माणसाने दोन पेल्यांत एक आणि तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी १० मिली ओतायची. वेगळा पेला कोणता ते तुम्ही फक्त हुंगून ओळखायचं. मग त्याने पेले तुमच्या नकळत हलवायचे आणि पुन्हा. निव्वळ अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एकदा जमलं याला अर्थ नाही. सहापैकी पाच वेळा बरोबर आलं तर ते नशिबाने घडण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा कमी असते. तेवढं झालं की स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवा.

चाचणी फसते ती दोन कारणांनी. एक, तीव्रता सारखी नसते. एक ४६ टक्के आणि दुसरी ५० टक्के असेल तर तुम्ही ब्रँडी नव्हे, मद्य ओळखता. ५० टक्क्यांच्या २० मिलीत १.७ मिली पाणी घालून आधी दोन्ही सारख्या करा. दोन, रंग. पेल्यांना बाहेरून कागद गुंडाळा किंवा उजेड मंद करा.

याच्याही पुढे जायचं असेल तर साध्या माल्टचे तीन पेले घ्या, प्रत्येकी २० मिली. पहिल्यात ०.२, दुसऱ्यात ०.५ आणि तिसऱ्यात १ मिली चांगली ब्रँडी घाला. म्हणजे एक, अडीच आणि पाच टक्के. बिनसुईची १ मिलीची सिरिंज वापरा, थेंब मोजू नका. मद्याचे थेंब पाण्याच्या थेंबांपेक्षा लहान पडतात, त्यामुळे मोजणी चुकते. दहा मिनिटं झाकून ठेवा, मग पिंपात मुरलेल्या माल्टशेजारी ठेवून हुंगा. मिसळलेल्या पेल्यात फळ वर तरंगल्यासारखं, वेगळं जाणवतं. पिंपातल्या माल्टमध्ये तेच फळ लाकडाच्या तुरटपणात आणि मसाल्यात गुंतलेलं असतं. हा फरक एकदा नाकात बसला की पिंपाने खरोखर काय काम केलं ते कळायला लागतं.


प्रश्न : मला कोको, कॉफी, भाजलेला पाव असं जाणवलं. हे ब्रँडीतून आलं असेल का?

उत्तर : बहुधा नाही, ते बार्लीतून आलंय. अमेरिकेतल्या कित्येक डिस्टिलरी बिअर बनवणाऱ्यांची रीत वापरतात. सिएटलची वेस्टलँड फिकट माल्टच्या जोडीला म्युनिक, ब्राउन आणि पेल चॉकलेट असे जास्त भाजलेले माल्ट घेते, आणि बेल्जियन सेझाँ बिअरचं यीस्ट वापरते. पोर्टलंडची वेस्टवर्ड एल बिअरचं यीस्ट घेते. भाजलेल्या माल्टमधून कोको आणि कॉफी येते. यीस्टमधून केळं, संत्र्याची साल, कधी मिरी. इथे जपायचं ते यासाठी, की यीस्टचं फळ आणि ब्रँडीचं फळ यांत गल्लत होते. यीस्टचं फळ ताजं असतं, ब्रँडीचं वाळवलेलं किंवा शिजवलेलं. ताज्या सफरचंदाचा कापलेला काप आणि लोण्यात परतलेलं सफरचंद यांत जेवढं अंतर, तेवढं.

धुराचंही तसंच. नैऋत्येकडच्या काही माल्टना मेस्कीट लाकडाचा धूर असतो. तो पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, धुरासारखा औषधी नसतो, शेकोटीसारखा कोरडा, गोडसर असतो. पिंपाच्या आतल्या कोळशाचा धूर त्याहून फिका, आणि तो शेवटी येतो.


प्रश्न : नवी बाटली उघडली तर नेल पॉलिशसारखा वास आला आणि पिताना हिरड्या आकसल्या. बाटली खराब आहे का?

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेल पॉलिशचा वास इथाइल ॲसिटेटचा. थोडा प्रत्येक व्हिस्कीत असतो आणि बाटली नुकतीच उघडली असताना जास्त जाणवतो. पेल्यात २० मिनिटं उघडा ठेवून गेला, तर काळजी नको. त्यानंतरही तेवढाच राहिला, आणि खाली व्हिनेगरची आंबट झाक असेल, तर पिंपात दोष होता असं धरा. ब्रँडी काढून घेतल्यावर पिंप लगेच भरलं नाही, तर लाकडात मुरलेलं मद्य उडतं, फळ्या सुकतात, सांधे उघडतात, हवा शिरते आणि मागे राहिलेलं आंबतं. चांगल्या डिस्टिलरी पिंप ओलं असतानाच भरतात. उशीर झालेलं पिंप भरण्याआधी वासावरून नाकारतात.

हिरड्या आकसणं हे टॅनिन. तुरटपणा गालांच्या आतून आणि हिरड्यांवर कोरडा जाणवतो. कडवटपणा त्याहून वेगळा, तो जास्त करून गिळल्यानंतर जाणवतो. मूळ मुरवण नव्या जाळलेल्या पिंपात झाली असेल आणि त्यावर लिमुझँ ओक आला, तर टॅनिनवर टॅनिन चढतं. ब्रँडी कास्कची सर्वांत सामान्य चूक आम्हाला हीच वाटते, जास्त दिवस ठेवण्याची. फळाचा वास सुरुवातीच्या आठवड्यांत भराभर उतरतो आणि मग मंदावतो, लाकूड मात्र आपलं काम करतच राहतं. म्हणून पिंपातून वरचेवर नमुना काढून चाखावा लागतो, आणि फळ पुरेसं आलं की थांबावं लागतं. आधीच एखादी तारीख ठरवून हे जमत नाही.

ओल्या पुठ्ठ्याचा, तळघराचा वास असेल तर बुचाचा दोष. तो हवेने जात नाही, बाटली बदलून मागा. पेटलेल्या काडीचा, गंधकाचा वास ब्रँडीच्या पिंपातून सहसा येत नाही. वाइनची रिकामी पिंपं टिकावीत म्हणून त्यांत गंधक जाळतात, ब्रँडीच्या तीव्रतेमुळे तिच्या पिंपांना त्याची गरज कमी पडते. पाणी घातल्यावर किंवा गार झाल्यावर व्हिस्की गढूळ दिसली तर तो दोषच नाही. बाटलीत भरण्याआधी थंड करून गाळणीतून न काढलेल्या व्हिस्कीतले चरबीजन्य एस्टर दिसू लागतात, एवढंच.


प्रश्न : लेबलवर फक्त तीन वर्षं लिहिली आहेत. एवढी कोवळी व्हिस्की घ्यावी का?

उत्तर : वयाचा आकडा हवामानाशिवाय वाचू नका. अमेरिकेत चार वर्षांहून कमी मुरलेल्या व्हिस्कीवर वय छापावंच लागतं, म्हणून ते दिसतं. ‘स्ट्रेट’ शब्द असेल तर किमान दोन वर्षं. टेक्सासच्या वेको शहरातल्या बाल्कोनिससारख्या ठिकाणी उन्हाळ्याच्या उष्णतेत मद्य लाकडात जोरात आत-बाहेर करतं. तिथे तीन वर्षांत रंग आणि ओक भरपूर येतो. सिएटलच्या थंड, दमट हवेत हेच काम संथ चालतं. मात्र उष्णतेने लाकूड लवकर येतं, जुनेपण तेवढं लवकर येत नाही. रान्सियोसारखे वास वेळेचेच असतात. कोवळेपणा ओळखायचा तो ओल्या पिठाच्या आणि कच्च्या धान्याच्या वासावरून. ब्रँडीचं पिंप तो काही वेळ झाकतं. पेला अर्धा तास ठेवा. फळ ओसरल्यावर पीठ वर आलं, तर व्हिस्कीला पहिल्या पिंपातून लवकर काढलंय.

लेबलवर कॅरॅमल रंगाचा उल्लेखही बघा. नव्या नियमाने रंग घालायला परवानगी आहे, पण तो सांगावा लागतो. उल्लेख नसेल तर रंग लाकडाचा.


प्रश्न : बर्फ चालेल का? आणि उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

उत्तर : चाखायला नको, प्यायला चालेल. गारव्याने आधी फळ मिटतं आणि तुरटपणा पुढे येतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच हरवतं. बर्फ हवाच असेल तर एकच मोठा तुकडा घ्या, आणि बर्बनच्या पिंपातून आलेल्या कॅलिफोर्निया ब्रँडीच्या प्रकाराला घ्या. त्याची व्हॅनिला गारव्यातही टिकते.

बाटली उभीच ठेवा, उजेडापासून दूर. आडवी ठेवली की मद्य बूच खातं. निम्म्यापर्यंत भरलेली बाटली सहा-आठ महिने सहज चांगली राहते. तळाशी चतुर्थांश उरली की मात्र ब्रँडीचं फळ आधी फिकं पडतं आणि ओक एकटा राहतो. तेव्हा उरलेली व्हिस्की २०० मिलीच्या स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून घट्ट झाकण लावा, आणि बाटलीवर ओतल्याची तारीख लिहून ठेवा.